पक्षाघातानंतरचा हात : सराव कशाचा, किती आणि कधी?

ऑस्लो विद्यापीठातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आल्फ ब्रोडाल यांना 1972 मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. मेंदूतून निघणाऱ्या मज्जामार्गांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आता तोच अभ्यास त्यांनी स्वतःवर सुरू केला आणि पुढच्या वर्षी ‘ब्रेन’ या नियतकालिकात तो छापून आला. त्यात बो टाय बांधण्याचा एक प्रसंग आहे. हातात थोडे बळ परतले होते. हजारदा बांधलेली गाठ त्यांनी बांधायला घेतली, सुरुवातही बरी झाली, आणि मध्येच काम अडले. पुढची हालचाल कोणती, हे बोटांनाच ठाऊक नाही, असे त्यांना वाटले. आणखी दोन गोष्टी त्यांनी नोंदवल्या. एरवी सहज होणाऱ्या हालचालीसाठी आता मनाचा प्रचंड जोर लावावा लागत होता. आणि ‘चांगल्या’ उजव्या हाताचे अक्षरही बिघडले होते.

पक्षाघातानंतर हाताचे नेमके काय जाते, याचे उत्तर या तीन नोंदींत बरेचसे आहे. स्नायूंचे बळ जाते हे तर उघडच आहे. पण कोणत्या स्नायूने कधी, किती आणि कोणापाठोपाठ काम करायचे याचा क्रमही विस्कटतो. तो क्रम म्हणजेच हाताचे कौशल्य. ते मालिशने परत येत नाही, शिकावे लागते. कोणत्या पद्धतीने शिकवावे यावर निम्मे शतक वाद झाले. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांनी हा वाद बाजूला सारून तीन साधे प्रश्न पुढे आणले आहेत: सराव कशाचा, किती आणि कधी? तिन्हींची उत्तरे अजून पुरी मिळालेली नाहीत. पण जेवढी मिळाली आहेत, तेवढ्यावरूनही आपल्याकडच्या घराघरांत चालणाऱ्या ‘व्यायामा’त काय कमी पडते ते दिसते.

प्रश्न छोटा नाही. 2005-06 मध्ये मुंबईत झालेल्या नोंदणी-अभ्यासात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिला पक्षाघात होत असल्याचे दिसले. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात तर खेड्यांतल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात निघाले. सुमारे 14 टक्के मृत्यू त्याचे. ‘अंगावरून वारं गेलं’ असे ज्याला गावात म्हणतात, तो शहरी सुखवस्तूंचा आजार उरलेला नाही. आणि जे वाचतात, त्यांच्यापुढे हाताचा प्रश्न उभा राहतो.

हाताचाच का? पायाकडून आपली अपेक्षा मर्यादित असते. गुडघा थोडा ताठ राहिला, पाऊल थोडे घासले, तरी माणूस काठी टेकत संडासापर्यंत जातो. हाताला अर्धेमुर्धे येऊन भागत नाही. घास उचलायला, बटण लावायला, कुलपात किल्ली फिरवायला प्रत्येक बोट वेगळे चालावे लागते. 1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स या दोघांनी माकडांमध्ये मेंदूच्या कवचाकडून मज्जारज्जूकडे जाणारा मुख्य मार्ग दोन्ही बाजूंनी छेदला. माकडे पुढे चालू लागली, चढू लागली, मुठीत वस्तूही धरू लागली. पण खाचेतला खाऊ एकेका बोटाने टिपणे त्यांना पुन्हा जमले नाही. माणसात हा मार्ग अधिकच महत्त्वाचा आहे, आणि पक्षाघातात नेमका तोच वारंवार सापडतो. कोपनहेगनमधल्या एका मोठ्या पाहणीत सौम्य अशक्तपणा असलेल्यांपैकी 79 टक्क्यांचा हात पूर्ण कामाला आला. तीव्र अशक्तपणा असलेल्यांत हे प्रमाण अवघे 18 टक्के होते.

सुधारणेला एक ठरावीक वळण असते, हे अमेरिकी डॉक्टर थॉमस ट्विचेल यांनी 1951 मध्ये दाखवले. त्यांनी 121 रुग्णांवर लक्ष ठेवले. आधी हात लोळागोळा असतो. मग त्यात ताठरपणा येतो. मग हालचाल येते, पण सगळी एकगठ्ठा: खांदा उचलला की कोपर वाकते, मनगट आत वळते, मूठ मिटते. नशीब असेल तर हा गठ्ठा हळूहळू सुटतो आणि सांधे स्वतंत्र चालू लागतात. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी याच निरीक्षणांवरून सहा टप्पे आखले; आपल्याकडचे फिजिओथेरपीचे विद्यार्थी आजही ते पाठ करतात. ब्रुनस्ट्रॉम म्हणत, सुरुवातीला हा गठ्ठाच वापरून घ्या. लंडनच्या बेर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याचे म्हणणे उलट: चुकीची हालचाल होऊच देऊ नका, थेरपिस्टच्या हातांनी योग्य हालचालीची जाणीव करून द्या. दोन्ही घराण्यांचे शागीर्द जगभर पसरले. पुढे तुलना झाल्या, तेव्हा एक घराणे दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस ठरले नाही.

दिशा बदलली ती एका वादग्रस्त प्रयोगशाळेतून. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब माकडांच्या एका हाताच्या संवेदना आणणाऱ्या नसा छेदत. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरणे सोडून देई. शेरिंग्टन आणि मॉट यांनी 1895 मध्येच हे पाहिले होते, आणि संवेदनेशिवाय हालचाल अशक्य, असा अर्थ काढला होता. टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला. माकड बिनसंवेदनेचा हात वापरू लागले! म्हणजे हात चालत नव्हता असे नाही. सुरुवातीच्या दिवसांत केलेला प्रत्येक प्रयत्न फसल्यामुळे माकड तो हात ‘न वापरायला शिकले’ होते. 1981 मध्ये मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालअपेष्टा प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी उघडकीला आणल्या, पोलिसांनी माकडे ताब्यात घेतली आणि खटला वर्षानुवर्षे गाजला. टॉब यांच्यावरचे दोषारोप शेवटी टिकले नाहीत, पण त्यांचे संशोधन अनेक वर्षे मागे पडले.

ते पुढे सुरू झाले माणसांवर. चांगल्या हातात दिवसातला बहुतेक वेळ जाड मोजा घालायचा, आणि लुळ्या हाताकडून रोज काही तास कामे करून घ्यायची, तीही पायरीपायरीने अवघड करत. ‘एक्साइट’ नावाच्या अमेरिकी चाचणीत पक्षाघाताला 3 ते 9 महिने झालेले 222 रुग्ण घेतले गेले. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ मोजा आणि दिवसाला सहा तासांपर्यंत सराव. ठरावीक कामे करायला लागणारा वेळ वर्षभरात सरासरी 19.3 सेकंदांवरून 9.3 सेकंदांवर आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात तो 24 वरून 17.7 वर आला. फरक खरा होता आणि टिकलाही. मात्र या चाचणीत शिरायला मनगट आणि बोटे निदान थोडी तरी उघडता येणे आवश्यक होते. मूठ अजिबात न उघडणारे, म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज होती तेच, बाहेर राहिले.

मेंदूत काय बदलते, हे रँडॉल्फ नुडो यांच्या 1996 च्या प्रयोगातून दिसले. स्क्विरल मंकी जातीच्या माकडांच्या मेंदूतल्या हाताच्या भागात छोटीशी इजा केली. सराव न दिलेल्यांत इजेशेजारचा, शाबूत असलेला हाताचा भागही आक्रसत गेला. छोट्या खाचेतून दाणे काढण्याचा सराव दिलेल्यांत तो टिकला. काहींत तर पूर्वी कोपर-खांद्याकडे असलेल्या भागात बोटांनी पाय पसरले. न वापरल्याने आणखी गमवायची पाळी येते, हे यातले जास्त बोचणारे निम्मे.

मग दवाखान्यात प्रत्यक्ष सराव होतो किती? कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत बसून मोजदाद केली. 2009 मधला त्यांचा अहवाल थेरपिस्टांना अस्वस्थ करून गेला. हातावर काम झालेल्या सत्रांपैकी निम्म्यांतच एखाद्या खऱ्या कामाचा सराव होत होता, आणि तोही सत्रामागे सरासरी 32 वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतला बदल दिसतो तो रोजच्या शेकडो आवर्तनांनी. उरलेला वेळ जात होता सांधे हलवून देण्यात, ताणण्यात, बोलण्यात आणि व्हीलचेअरवरून खाटेवर नेण्यात.

इथून सरळ निष्कर्ष निघतो: आवर्तने वाढवा. पण गोष्ट तितकी सरळ निघाली नाही. ‘आयकेअर’ चाचणीत 361 रुग्ण होते. एका गटाला 30 तास खास आखलेला, कामावर आधारित सराव. दुसऱ्याला तितकेच तास नेहमीची ऑक्युपेशनल थेरपी. तिसऱ्याला जे एरवी मिळते तेवढेच, म्हणजे सरासरी 11 तास. वर्षअखेर तिन्ही गट सारखेच. त्याच वर्षी, 2016 मध्ये, लँग यांच्या स्वतःच्या चाचणीत जुन्या रुग्णांना एकूण 3,200, 6,400 किंवा 9,600 आवर्तने दिली. मात्रा वाढली म्हणून गुण वाढले, असे झाले नाही.

यावर दोन बाजू आहेत. एक म्हणते, मात्रेचा मुद्दाच फोल. दुसरी म्हणते, या मात्रा अजूनही तुटपुंज्या. दुसऱ्या बाजूचा आधार म्हणजे लंडनमधल्या क्वीन स्क्वेअरचा वर्ग. तिथे रुग्ण तीन आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास येतो. एकूण 90 तास. 2019 मध्ये त्यांनी 224 रुग्णांचे निकाल मांडले. निम्म्याहून अधिकांच्या पक्षाघाताला वर्ष उलटून गेले होते, आणि तरी हाताच्या हालचालींच्या 54 गुणांच्या फुग्ल-मायर मोजणीत सहा महिन्यांनंतर सुमारे नऊ गुणांची वाढ टिकून होती. या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानता येत नाही. पण ‘वर्ष झाले, आता काही होणार नाही’ हे वाक्य बेधडक फेकणाऱ्यांना तो अडवतो.

‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर उंदरांनी सुरू केले. 2004 मध्ये कॅनडात झालेल्या प्रयोगात इजेनंतर पाचव्या दिवशी सराव सुरू केलेल्या उंदरांना चांगला फायदा झाला, चौदाव्या दिवशी सुरू केलेल्यांना कमी, तिसाव्या दिवशी सुरू केलेल्यांना जवळजवळ काहीच नाही. इजेनंतर काही काळ मेंदू शिकायला जास्त तयार असतो, हे त्यातून पुढे आले. तर मग झटका आल्याआल्याच जुंपावे का? तसेही नाही. उंदरांत इजेनंतर लगेच अधू पायावर सगळा भार टाकला, तर इजा वाढलेली दिसली. माणसांत ‘व्हेक्टर्स’ चाचणीत पहिल्या काही आठवड्यांतच मोजा आणि दिवसाला तीन तासांचा सराव दिलेल्या गटाची प्रगती कमी सराव केलेल्यांपेक्षा मागे पडली. 2,104 रुग्णांच्या ‘अव्हर्ट’ चाचणीचा विषय हात नव्हता, खाटेवरून उठवणे होता. तिथेही पहिल्या 24 तासांत भरपूर उठवल्याने तीन महिन्यांनंतरचा निकाल बिघडला.

मधली वेळ सापडली ती 2021 मध्ये, ॲलेक्झांडर ड्रोमरिक यांच्या गटाच्या चाचणीत. 72 रुग्णांपैकी एक गट सोडून बाकीच्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज 20 तासांचा जादा सराव मिळाला, तोही रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामांचा. काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिन्यांनंतर. वर्षाअखेर सर्वाधिक फायदा झाला मधल्या गटाला: 57 गुणांच्या मोजणीत जादा सराव न मिळालेल्यांपेक्षा जवळपास सात गुण जास्त. पहिल्या महिन्यातल्यांना त्याहून थोडा कमी; सहा महिन्यांनंतरच्यांना लक्षणीय काही नाही. चाचणी लहान आहे आणि ती मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवी. तरी दोन-तीन महिन्यांचा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे नेमक्या त्याच काळात रुग्ण घरी असतो आणि पाहुण्यांची रीघ ओसरलेली असते.

राहिला ‘कशाचा’ हा प्रश्न. तो समजायला एखाद्या थेरपिस्टच्या टेबलाशी बसावे. टेबलावर हातभर अंतरावर स्टीलचा पेला आहे. ‘उचला’ म्हटल्यावर रुग्ण पेला उचलतोही. पण नीट पाहिले तर आधी कंबरेतून धड पुढे झुकते, मग खांदा कानाकडे चढतो, कोपर बाहेरच्या बाजूला फाकते. हात स्वतः पुढे गेलेलाच नसतो, शरीराने त्याला पेल्यापर्यंत पोचवलेले असते. बोटे उशिरा उघडतात, तीही पुरेशी नाहीत, म्हणून पेला वरून पकडला जातो. घरच्यांना वाटते, झाले की काम. थेरपिस्ट मात्र छातीवरून पट्टा घेऊन पाठ खुर्चीला टेकवते आणि पेला चार बोटे जवळ आणते. आता धडाची मदत बंद. कोपर सरळ होते का, ते दिसते. आणि बहुतेकदा पहिले काही प्रयत्न आधीपेक्षा वाईट दिसतात.

सुधारणा आणि तडजोड यांतला हा फरक अलीकडच्या संशोधनात कळीचा ठरला आहे. ‘काम झाले का’ एवढेच मोजणाऱ्या चाचण्यांत तडजोडीलाही सुधारणेचे गुण मिळतात. मिंडी लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत धड बांधून केलेल्या सरावाने कोपर अधिक सरळ होऊ लागल्याचे दिसले. अर्थात तडजोड हा गुन्हा नव्हे. ज्याचा मज्जामार्ग जवळजवळ पूर्ण तुटला आहे, त्याला खांदा चढवून का होईना, पेला उचलता येणे मोलाचे आहे. प्रश्न येतो तो सुधारणा शक्य असताना तडजोडच सवयीची होऊन बसते तेव्हा.

मॉस्कोचे निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्याने टिपल्या. मुरलेल्या कामगाराचा घाव दर वेळी त्याच जागी पडत होता; पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी होती. कौशल्य म्हणजे एकच हालचाल घोटणे नव्हे, तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवणे, असा अर्थ त्यांनी काढला. म्हणून रबरी चेंडू दिवसभर दाबत बसणे हा सराव कमी आणि विरंगुळा जास्त ठरतो. मूठ मिटणे बहुतेकांना आधीच जास्त जमत असते. अडते ते उघडणे. त्याऐवजी वाटीतले राजम्याचे दाणे एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकणे, दोरीला चिमटे लावणे, कधी वाटी लांब, कधी दाणे लहान करून मटकीचे, कधी उभ्याने. काम रुग्णाला हवेसे असले तर आणखी बरे. उजव्या हाताने जेवणाऱ्या समाजात उजवा हात गेलेल्या माणसाला चमच्याने डाव्या हाताने खाताना चारचौघांत जी लाज वाटते, तिच्यापोटी तो भाकरीचा तुकडा मोडण्याचा सराव चेंडूपेक्षा अधिक चिकाटीने करतो. दिल्लीत कमल नारायण आर्य आणि सहकाऱ्यांनी अशाच अर्थपूर्ण कामांच्या सरावाची चाचणी 103 रुग्णांवर घेतली आणि 2012 मध्ये तिचे अनुकूल निकाल मांडले.

आता यंत्रे आणि औषधे. जाहिरातींचा सगळा भर इथे असतो, म्हणून थोडक्यात हिशेब पाहू. सर्वांत स्वस्त साधन आरसा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो आधी कापलेल्या अवयवाच्या आभासी वेदनेसाठी वापरला. 1999 मध्ये नऊ पक्षाघातग्रस्तांवर प्रयोग झाला. आरशामागे लुळा हात, आरशात चांगल्या हाताचे प्रतिबिंब, आणि दोन्ही हात हलवण्याचा प्रयत्न. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात 62 अभ्यास आणि 1,982 रुग्ण गोळा केल्यावर फायदा मध्यम खात्रीने दिसला. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी हे वाईट नाही.

यंत्रमानवाचे उलटे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जन्मलेल्या ‘एमआयटी-मॅनस’ची ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर परीक्षा झाली. ठरवलेला टप्पा गाठणारे यंत्रमानवाच्या गटात 44 टक्के, माणसांनी तितकाच वेळ घेतलेल्या सरावात 50 टक्के, नेहमीच्या उपचारांत 42 टक्के. फरक दखल घेण्याजोगा नाही. यंत्र हजारो हालचाली करवून घेते, पण आखून दिलेल्या वाटेवरून हात सरकवणे आणि पेला उचलणे ही दोन वेगळी कामे आहेत. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने आखडलेली मूठ सैल होते, हात धुणे, बाही चढवणे सोपे होते. कौशल्य मात्र त्याने येत नाही, असे 333 रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीने दाखवले. फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीने 2011 मध्ये 118 रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत मोठी आशा दाखवली होती. 2019 मध्ये 3,127 रुग्णांवर ती तपासली, तेव्हा फायदा दिसला नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले.

एका नव्या उपायाकडे मात्र लक्ष आहे. छातीत पेसमेकरसारखे यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या व्हेगस नसेला जोडतात. रुग्णाने हालचालीचा प्रयत्न केला की थेरपिस्ट बटण दाबते आणि अर्ध्या सेकंदाचा सौम्य झटका जातो. मेंदूला जणू सांगितले जाते, हे लक्षात ठेव. 108 जुन्या रुग्णांच्या चाचणीत सहा आठवड्यांच्या सरावानंतर तीन महिन्यांनी 47 टक्क्यांत जाणवण्याइतकी सुधारणा होती. झटका न देता तोच सराव केलेल्यांत 24 टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली. पण त्यातही काम करतो तो सरावच, दर सत्रात शेकडो आवर्तनांचा. यंत्र फक्त त्याची धार वाढवते.

कोणाचा हात परतेल, हे आधी सांगता येते का? बऱ्याच अंशी. नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासानुसार पहिल्या 72 तासांत बोटे थोडी तरी उघडता आली आणि खांदा बाजूला उचलता आला, तर सहा महिन्यांत हाताला काही ना काही हुन्नर परत येण्याची शक्यता 98 टक्के. दोन्ही नसेल तर 25 टक्के, आणि नवव्या दिवशीही नसेल तर 14 टक्के. न्यूझीलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी याच दोन हालचालींना गुण देऊन सुरू होणारी पद्धत बांधली. गुण कमी पडले तर डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन मज्जामार्ग शाबूत आहे का ते पाहतात. गमावलेल्यापैकी साधारण 70 टक्के आपोआप परत येते, असा एक नियमही 2008 पासून गाजला. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी त्यातली मेख काढली: सुरुवातीचा गुण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाते आहे त्याहून पक्के दिसत होते. नियम आता पूर्वीइतक्या विश्वासाने कोणी सांगत नाही. खाटेशेजारी दोन मिनिटांत होणारी बोटांची तपासणी मात्र टिकून आहे.

हे सगळे भारतात आणायचे तर पहिली अडचण थेरपिस्टांच्या संख्येची. त्यावर कुटुंबाचा उपाय सुचतो. घरात माणसे असतात, वेळ असतो, माया असते. नेमकी हीच कल्पना ‘अटेंड’ चाचणीने तपासली. भारतातली 14 रुग्णालये, 1,250 रुग्ण. घरच्या एका माणसाला रुग्णालयात साधारण तीन दिवस, रोज तासभर शिकवायचे आणि घरी सराव चालू ठेवायचा. 2017 मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत 47 टक्के. अनेकांनी यावरून कुटुंबाचा मार्ग बंद झाला असे मानले. पण या चाचणीचा विषय एकूण परावलंबन होता, हाताचे कौशल्य नव्हे. शिवाय क्वीन स्क्वेअरमध्ये तज्ज्ञ थेरपिस्ट 90 तास घेतात ते काम सून किंवा मुलगा तीन तासांच्या शिकवणीवर पेलेल, ही अपेक्षाच मोठी होती.

शिकवणीशिवाय मायेने काय होते, हे दाराला टांगलेल्या कप्पीत दिसते. दोरी कप्पीवरून घेऊन चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा, हा व्यायाम आपल्याकडे फार प्रिय. 1990 मधल्या एका लहान अमेरिकी चाचणीत कप्पी वापरणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांचा खांदा दुखू लागला. थेरपिस्टने हात हलवून दिलेल्यांत हे प्रमाण 8 टक्के होते. खांद्याचे स्नायू सैल असताना सांधा आधीच खाली ओघळलेला असतो. त्यात दोरीचा हिसका. रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा दंडाला धरून ओढणे हाही त्याच जातीचा घात. एकदा खांदा दुखू लागला की रुग्ण हात छातीशी धरून बसतो, आणि टॉब यांच्या माकडासारखा तो हात विसरायला शिकतो.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या व्यवसायांना 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाच्या छत्राखाली आणले. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. पण सांगली-नांदेडच्या एखाद्या तालुक्यातून आलेला रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी आठवडाभर राहून गावी परततो, तेव्हा सरावाचे सर्वांत मोलाचे दोन-तीन महिने या संस्थांच्या आवाक्याबाहेर जातात. त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर रक्तदाबाची गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे सगळे असते. हातासाठी अनेकदा एकच ओळ असते: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. त्या ओळीच्या जागी आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून एवढे तरी लिहिता येईल: तिसऱ्या दिवशी बोटे उघडत होती की नाही; कोणती तीन कामे करायची आणि ती जमू लागली की कशी अवघड करायची; दिवसातून किती आवर्तने; पाठ खुर्चीला टेकवून की मोकळी; खांदा कसा धरायचा आणि कप्पी वापरायची नाही; सहाव्या, बाराव्या आणि विसाव्या आठवड्यात कोणाला दाखवायचे; आणि मध्ये अडले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा.